कासवाच्या चालीनं शहर

कुठंही पोचायची घाई नाही, नुसतं शहर न्याहाळत हिंडायचं! अशा भटक्याला एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये 'फ्लानर' म्हणत. फ्रेंच कवी बोदलेअरच्या १८६३च्या निबंधात तो गर्दीतच घरच्यासारखा रमतो. पुढे जर्मन विचारवंत वाल्टर बेंयामिननं काचेच्या छताखालच्या बाजारगल्ल्यांत त्याचा माग काढला. १८४०च्या सुमारास तिथं कासवं फिरवायची फॅशन होती, असं तो लिहितो. चालीचा वेग कासवानं ठरवायचा! मला हे चित्र फार आवडतं.

बाईला मात्र ही मोकळीक कुठली? म्हणून जॉर्ज सांड ही लेखिका पुरुषी कोट-बूट घालून पॅरिसभर हिंडली.

आणि बोदलेअरचा निबंध आला त्या १८६३ सालीच इकडे गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' छापून आलं. बाजार, रस्ते, माणसं, सगळं त्यात आहे. जरूर वाचा.