कर्नल पॅनिक : फॉरमॅट मारण्याआधी थांबा

दिवाळीत शिरड शहापूरला घरी आलो होतो. गाईडना एक चॅप्टर पाठवायचं होतं. लॅपटॉप चालू केला तर काळा स्क्रीन, आणि खाली कर्नल पॅनिक : रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही, अननोन-ब्लॉक (०,०). मित्राचा सल्ला तयारच होता, "फॉरमॅट मार." आत तीन वर्षांचा डेटा, आणि बॅकअप (खरं सांगतो) दोन महिन्यांपूर्वीचा.

हा मेसेज दिसला की डिस्क गेली असं वाटतं. पण (०,०) चा अर्थ एवढाच की रूटची डिस्क कोणती हे कर्नलला कळलंच नाही. का? डिस्क वाचायचा ड्रायव्हर बऱ्याचदा डिस्कवरच असतो, म्हणजे घराची किल्ली घरातच. म्हणून बूट होताना इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम आधी मेमरीत येते. त्यात लागणारे ड्रायव्हर असतात, आणि खरी डिस्क शोधायचं कामही तीच करते. ती नसेल तर कर्नल दारातच उभं.

मग ग्रबच्या मेन्यूत जाऊन जुनं कर्नल निवडलं. चालू झालं! इथेच निम्मं निदान होतं : हार्डवेअर ठीक, बिघाड नव्या कर्नलच्या बाजूला. आधी डेटा पेनड्राइव्हवर घेतला, मग बूट पार्टिशन बघितलं तर १०० टक्के भरलेलं. अपडेटच्या वेळी नवं कर्नल बसलं, पण इनिटरॅमएफएसला जागाच उरली नाही. तशी एररही आली होती, मी वाचली नव्हती. पुढे दुसऱ्या एका पॅकेजने ग्रबची यादी नव्याने लिहिली आणि हे अर्धवट कर्नल पहिल्या नंबरला आलं. जुनी दोन कर्नल काढली, इनिटरॅमएफएस परत बनवला, ग्रब अपडेट केलं. वीस मिनिटं.

याचा बग रिपोर्ट करायचा नसतो, चूक माझी होती. पण खरंच कर्नलचा बग असेल तर? अशा वेळी लॉग शोधू नका. डिस्कच माउंट झाली नाही तर लॉग लिहिणार कुठे? ग्रबमध्ये 'ई' दाबून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा आणि पहिली एरर शोधा. शेवटची ओळ बहुतेकदा फक्त परिणाम सांगते. रिपोर्टमध्ये शेवटचं चाललेलं व्हर्जन आणि पहिलं बिघडलेलं व्हर्जन, दोन्ही द्या. त्यामुळे मधले बदल निम्मे-निम्मे करत तपासता येतात. १०,००० बदल असले तरी साधारण १४ वेळा बूट करून दोषी सापडतो. कर्नल 'टेन्टेड' दाखवत असेल, म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर वगैरे घातलेला असेल, तर तेही लपवू नका.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, आपल्याकडे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथेही विंडोजचं कर्नल बिघडलेलं नव्हतं. कर्नलमध्ये चालणाऱ्या सिक्युरिटी ड्रायव्हरने चुकीची डेटा फाइल वाचली, आणि बूट होताना तो ती परत परत वाचत राहिला. बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली.

चॅप्टर त्या रात्री गेलं. मित्राला अजूनही वाटतं, फॉरमॅट लवकर झालं असतं.