बोर धरणाच्या काठी एक दिवस, पण अम्मीलाही आराम

मे महिना लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. कुलरचं पाणी दुपारपर्यंत संपतं, आणि मुलांची भुणभुण सुरू होते, ‘कुठंतरी जाऊ या ना!’ विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवट येतो, म्हणजे सुट्या लांबलचक. चिखलदऱ्याचा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. गिरडच्या टेकडीवर तर आपण वर्षातून एकदा जातोच. मग या खेपेस पाण्याकाठी का जाऊ नये? सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढे, बोर नदीवरचं धरण वर्ध्याहून तासाभराच्या वाटेवर आहे.

भोवतीचं जंगल 1970 साली अभयारण्य झालं आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. वाघ, बिबट, अस्वल, सांबर, नीलगाय, सगळे तिथले रहिवासी, आणि उन्हाळ्यात तेही पाण्याकडेच येतात. म्हणून कुठं बसता येईल ते वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारावं. सफारी करायची असेल तर बुकिंग घरूनच करून निघावं. चूल पेटवणं मनातही आणू नये. मे महिन्यातल्या वाळक्या पाल्याला एक ठिणगी पुरते.

सावलीचाही विचार हवा. हे जंगल मुख्यतः सागाचं, आणि साग उन्हाळ्यात पानं गाळून उघडा उभा राहतो. दुपारी बारा वाजता तिथं सतरंजी पसरणाऱ्याला आराम कसला, लू लागायची. फजरची नमाज आटोपून निघालं तर सातपर्यंत पोहोचता येतं. तीन-चार तास पाण्यावरचा वारा, पक्षी, मुलांचे खेळ, आणि अकराच्या आत परतीची वाट. जोहर घरी, जरा ऊन उतरल्यावर. कडक उन्हात जोहर थोडी उशिरा पढण्याची सवलत हदीसमध्येच आहे. वर्धा किंवा सेलूहून जाणाऱ्यांना कस्रचा प्रश्न येत नाही. हनफी मसलकात त्यासाठी साधारण 77-78 किलोमीटरचा सफर लागतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे सहल म्हणजे काय होतं? बाया रात्री दोनपर्यंत कांदा तळतात, पहाटे बिर्याणीला दम देतात, तिथं पोहोचल्यावर वाढतात, नंतर भांडी गोळा करतात. पुरुष मंडळी जेवून आडवी होतात. ‘मस्त आराम झाला’ असं संध्याकाळी कोण म्हणतं, ते प्रत्येक घरानं आपापलं आठवून पाहावं. हजरत मुहम्मद (स.) यांनी सफरमध्ये सोबत्यांना पुढे जायला सांगून हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे एकदा आप (स.) जिंकले. सफरमध्ये बायकोच्या खुशीसाठी वेळ काढणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आणि हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. अम्मी पातेल्यात गुंतलेली, अब्बा झोपलेले, आणि पोरं पाण्याजवळ, हीच वेळ सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात धरणात, नदीत मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. धरणाचं पाणी गावतळ्यासारखं नसतं. मे महिन्यात पातळी उतरते, काठाला गाळ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघाभर रुततो. तळाशी नदीचं जुनं पात्र असतं, तिथं दोन पावलांत खोली बदलते. भिंतीच्या दगडांवर शेवाळ असतं. तेव्हा पोहता येवो न येवो, पाण्यात उतरायचं नाही, हे गाडीत बसायच्या आधीच ठरवून टाकावं. वुजूसाठीसुद्धा मुलांना काठावर पाठवू नये. धरणाच्या पाण्यानं वुजू बेशक होतो, पण मोठ्या माणसानं बादलीत पाणी आणावं, नाहीतर घरचाच कॅन वापरावा.

बुडणाऱ्याला वाचवायला ओढणी, दोर, लांब फांदी, रिकामा बंद कॅन फेकावा. न पोहणाऱ्यानं मागे उडी घेतली तर एकाचे दोन होतात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब द्यावा, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा.

जेवण हलकं ठेवा. रात्रीचं मटण या गरमीत सकाळी डब्यात घेऊन जाणं तसंही धोक्याचं. रोट्या, सकाळीच तळलेले कबाब, कच्चा कांदा, पुदिन्याची चटणी, ताक, टरबूज. एवढ्यात दस्तरखान भरतो. कबाब अब्बांनी तळले तर काही बिघडत नाही, थोडे करपले तरी मुलं खातात. खाऊन झालं की उष्टं आणि प्लास्टिक पिशवीत बांधून घरी आणावं, वानरांसाठी सोडू नये.

पाळी लावून घ्यावी: अर्धा तास अब्बा, अर्धा तास चाचा, अर्धा तास मोठा मामू. ज्याची पाळी त्याचा मोबाईल खिशात, नजर मुलांवर. तेवढ्या वेळात अम्मी, चाची आणि दादी सतरंजीवर पाय पसरून बसतील, बोलतील, वाटलं तर डोळा लावतील. दादीसाठी एक घडीची खुर्ची गाडीत टाकायला विसरू नका, खाली बसलं की तिचे गुडघे उठू देत नाहीत.