दोन रात्रींची स्वस्त क्रूझ: जाण्याआधी एवढं ऐका

आजचा एपिसोड छोटा आहे. मुंबई-गोवा क्रूझची जाहिरात बघून स्क्रोल करता करता जे थांबलेत, खास त्यांच्यासाठी. मीही तशीच थांबले होते, आणि आईबाबांना घेऊन गेले. तर नक्की काय असतं, ते सांगते.

पहिली गोष्ट, भाव. जाहिरातीत दिसतो तो बहुतेक वेळा शेवटचा भाव नसतो. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी, कधी स्टाफची टिपही चढते. त्यामुळे पेमेंटच्या पानापर्यंत जा, मगच तुलना करा. बुफेचं जेवण भाड्यात येतं. दारू, स्पा, वायफाय, गोव्यातली सहल यांचे पैसे सहसा वेगळे. बोटीवर केबिनचं कार्डच स्वाइप होतं, त्यामुळे खर्च जाणवत नाही. रोज रात्री रिसेप्शनवर बिल बघून घ्या.

दुसरी, फोन. किनारा मागे पडला की रेंज जाते, पण खरी गंमत त्यानंतर. बोटीवर सॅटेलाइटवर चालणारं मोबाइल नेटवर्क असलं, तर रोमिंग चालू असलेला फोन ते आपोआप पकडतो. त्याचे दर आपल्या नेहमीच्या प्लॅनमध्ये बसत नाहीत. म्हणून बोट सुटतानाच एअरप्लेन मोड. आणि ऑन-कॉल असाल तर ड्युटी आधीच बदलून घ्या, प्लीज.

तिसरी, वेळ. बोट संध्याकाळची असली तरी टर्मिनलवर दुपारीच पोचायचं. मोठी बॅग टॅग लावून द्यायची, ती केबिनपाशी उशिरा येते. औषधं, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. सेफ्टी ड्रिल सगळ्यांना सक्तीची असते. गोव्यात बोट मुरगाव बंदराला लागते. पणजी तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटर, तेव्हा परतीची वेळ आधी विचारा. आणि पावसाळ्यात हा बेत धरू नका.

आता केबिन. सगळ्यात स्वस्त ती इंटिरिअर, म्हणजे खिडकीच नाही. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. झोपायला एकदम मस्त. पण इथे माझं चुकलं.

बाबा लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायचे. ती बोट बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्यांना तो किनारा परत बघायचा होता, आणि मी पैसे वाचवायला इंटिरिअर घेतली. त्यांना न विचारता. आमच्या केबिनमध्ये भिंतीवर एक पडदा होता. बाबांनी तो हौसेने बाजूला केला. मागे आरसा. ते काहीच बोलले नाहीत.

रात्री दीड वाजता जाग आली, तर बाबा जागेवर नाहीत. फोन लागायचा प्रश्नच नव्हता. धावत वर गेले. उघड्या डेकवर, डाव्या बाजूच्या कठड्याला टेकून उभे होते. लांबवर एक दिवा लुकलुकत होता.

"अगं, तो बघ. जयगड असेल."

मॅपवर बघावंसं वाटलं, पण फोन खालीच राहिला होता. म्हटलं, बाबा म्हणतात ना, मग जयगडच.

तर मंडळी, बजेट क्रूझवर केबिन म्हणजे फक्त पलंग. समुद्र डेकवर असतो, आणि डेक सगळ्यांना सारखाच. पैसे खुशाल वाचवा, पण घरच्यांना सोबत नेत असाल तर बुक करण्याआधी एक प्रश्न विचारा: "तुम्हाला तिथे काय बघायचंय?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!