दोन माणसांची उघडी मोटार

मी मोटारींच्या शर्यतीवर लेख देतो असे म्हटल्यावर अंकाच्या संपादक मंडळातील माझ्या मित्राने विचारले, "वळसंगला शर्यत म्हणजे बैलांचीच ना रे?" त्याचे चुकले नाही. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे आमचे गाव. तेथून भाविकांच्या गाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या जातात, शर्यतीच्या मोटारी नव्हे. शिवाय मी कला शाखेचा. माझ्या आधी घरातले कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा यंत्रशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न वाचकांना पडणारच. अधिकार आण्णांकडून आला, एवढे सांगून पुढे जातो.

आण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरातल्या एका व्यापाऱ्याकडे बरीच वर्षे ड्रायव्हर होते. गाडी ॲम्बॅसिडर, पण जुन्या पद्धतीची नव्हे, इसुझू कंपनीच्या रचनेचे १८१७ सी.सी.चे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरची पेटी असलेली. पुढे ती जुनी झाली तेव्हा मालकांनी ती आण्णांनाच स्वस्तात दिली. आमच्या अंगणात लिंबाखाली ती उभी असे. २०१४ साली ॲम्बॅसिडरचे उत्पादनच थांबले. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि त्याच वर्षी आमची गाडी भंगारात गेली. जाण्यापूर्वी आण्णांनी तिचा कारबोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि काही बारीकसारीक भाग काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. का ठेवले, हे त्यांनी सांगितले नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी पुण्याला मामांच्या गॅरेजमध्ये कामाला होतो. तेथे एके दिवशी एक विचित्र गाडी आली. उंची माझ्या कमरेइतकी. छप्पर नाही. नाक लांब, पुढची चाके अंगाबाहेर, त्यांवर सायकलच्या मडगार्डसारखी झाकणे. बसायचे तर कडेच्या कठड्यावरून पाय आत टाकायचा आणि खाली घसरायचे. जागा दोनच माणसांची. मी बॉनेट उघडले आणि जत्रेत अनोळखी गर्दीत गावचा माणूस भेटावा तसे झाले. आत आमचेच इंजिन!

ती गाडी होती अलिबागची. पेण-अलिबाग रस्त्यावर कार्लेखिंड येथे गीदो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने या शतकाच्या पहिल्या दशकात 'रोडस्टर १.८ एस' या नावाने अशा गाड्या हाताने बांधल्या. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरचे अंग आणि ॲम्बॅसिडरला लागणारे इसुझू इंजिन. चिंकारा हे हरणाचे नाव आहे, हे वेगळे सांगायला नको.

मात्र या गाडीचे खरे कूळ इंग्लंडचे आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही गाडी काढली. तिचे वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या ॲम्बॅसिडरच्या निम्म्याहून कमी. चॅपमनचा विचार सरळ होता. जे नसले तरी चालते ते काढून टाकायचे. दारे नकोत, छप्पर कापडाचे, सामानाला जागा नावापुरती. ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपातही विकत मिळे आणि गिऱ्हाईक ती घरी जोडी. कारण अर्थशास्त्राचे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. कर चुकविणे आणि कर टाळणे यांतला फरक आम्हाला वर्गात शिकवला, तेव्हा मला हे उदाहरण ठाऊक असते तर सरांना नक्की विचारले असते. १९७३ साली तेथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच सुमारास लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले. त्यानंतर जगभर अनेकांनी त्या धर्तीवर गाड्या केल्या. आपली अलिबागची त्यांतलीच. गोव्यातही १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन माणसांची उघडी फायबरची मोटार निघाली होती. तिचे इंजिन रेनो कंपनीचे होते, पण ते पुढची चाके फिरवी.

हा फरक वरवरचा नाही. लोटसच्या पद्धतीत इंजिन पुढे लांबीत बसते, मागे गिअरची पेटी, मग लांब दांडा आणि त्याने मागची चाके फिरतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवे असते आणि पुढची चाके ओढतात. उभे इंजिन आणि मागची चाके फिरविणारी रचना आयती मिळावी अशा पेट्रोल गाड्या भारतात थोड्याच होत्या. त्यांत म्हातारी ॲम्बॅसिडर होती. म्हणून मंत्र्यांना मिरविणाऱ्या गाडीचे काळीज या उनाड पोरीत आले.

आता 'ऑटोक्रॉस' म्हणजे काय ते सांगतो. मोकळ्या मैदानावर रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळाशी तिची स्पर्धा असते. शंकूला धक्का लागला की वेळेत भर पडते, अमेरिकेतल्या नियमानुसार एका शंकूला दोन सेकंद. वाट चुकली की ती फेरी बाद. अमेरिकेत हे डांबरी मैदानावर चालते. भारतात ऑटोक्रॉस म्हटले की बहुधा मातीवरचीच डोळ्यांसमोर येते. इंजिनिअरिंग कॉलेजांची मुले 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधतात, तीतही ऑटोक्रॉसचा एक भाग असतो. ही स्पर्धा अनेक वर्षे कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होत आली. ज्यांच्या नावाने ती धावपट्टी आहे ते एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घालून एका माणसाच्या उघड्या शर्यती गाड्या बांधल्या होत्या. तेव्हा 'जे मिळते त्यातून हलकी गाडी करणे' ही कला आपल्याकडे नवी नाही.

या खेळात वेग फार नसतो. बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. महत्त्व आहे ते वळण्याला, थांबण्याला आणि पुन्हा सुटण्याला. येथे हलकेपणाचा प्रश्न येतो. मला प्रथम वाटले, वजन जास्त तर गाडी जमिनीला जास्त चिकटेल. गोफण फिरविताना मोठा दगड हाताला जास्त ओढतो, तशी जड गाडी वळणात बाहेर जास्त ओढली जाते, हे खरे. पण तेवढ्याच प्रमाणात तिचे टायरही जमिनीवर जास्त दाबले जातात. मग हिशेब सारखाच सुटायला हवा. तो सुटत नाही, कारण रबराचा स्वभाव. टायरवर भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीला पोहोचत नाही, थोडी कमीच पडते.

दुसरी गोष्ट उसाच्या ट्रॉलीवरून समजते. उंच भरलेली ट्रॉली वळणावर बाहेरच्या अंगाला कलते, तिच्या आतल्या चाकांवर भारच उरत नाही. आमच्याकडे गळीत हंगामात अशी उलटलेली ट्रॉली ज्याने पाहिली नाही असा माणूस सापडणार नाही. प्रत्येक मोटारीत वळताना हेच कमीअधिक होते. बाहेरच्या चाकांवर भार चढतो, आतल्यांवरचा उतरतो. वरच्या नियमाने बाहेरचे टायर जितकी पकड मिळवितात त्याहून जास्त आतले गमावतात. वजन जितके उंच तितका हा तोटा मोठा. बुडाजवळ वजन असलेली बुटकी गाडी म्हणूनच वळणात फायद्यात. शिवाय ज्या पंचाहत्तर अश्वशक्तीला आमच्या ॲम्बॅसिडरमध्ये अकराशे किलोंपेक्षा जास्त ओझे ओढावे लागे, तशाच इंजिनाला येथे किती कमी ओढायचे! ही गाडी मी एकट्याने ढकलून गॅरेजबाहेर काढीत असे. आज एमजी या जुन्या ब्रिटिश नावाने 'सायबरस्टर' ही दोन माणसांची उघडी विजेची मोटार भारतात मिळते, तिचे वजन दोन टनांच्या घरात आहे. ताकद प्रचंड, पण तो प्राणी निराळा.

आता त्या गाडीचे दुखणे. मालक एक निवृत्त अधिकारी, वयाने साठीपुढचे. त्यांची तक्रार अशी की सरळ रस्त्यावर गाडी उत्तम, पण मैदानावर लांब उजवे वळण आले की अर्ध्यात इंजिन खोकते आणि मरते. गॅरेजमधील मिस्त्रींनी प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटर साफ केला, पेट्रोलची जाळी धुतली. गुण नाही. चार दिवस गाडी अडून राहिली आणि मामांचा चेहरा उतरला. मी भीत भीत म्हणालो, आण्णांना विचारू का? मामा हसले, पण नको म्हणाले नाहीत.

फोनवर आण्णांनी एकच विचारले, "वळणालाच खोकतंय का सरळला बी?"

"वळणालाच."

"मग प्लगला कशाला हात लावलाव? वाटी बघ की. तुळजापूरच्या घाटात आपल्या गाडीनं हेच केलं हुतं."

कारबोरेटरमध्ये पेट्रोलची एक लहान वाटी असते. तीत एक तरंगता फ्लोट. पेट्रोल पुरेसे भरले की फ्लोट वर येऊन सुईने तोंड बंद करतो, जसे संडासाच्या टाकीतला गोळा नळ बंद करतो. या वाटीच्या तळाशी जेट, त्यातून पेट्रोल इंजिनात जाते. गाडी जोरात वळली की वाटीतले पेट्रोल एका बाजूला चढते. पातळी मुळात कमी असेल तर जेटचे तोंड उघडे पडते, आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी हवा मिळते. सरळ रस्त्यावर दोष दिसणारच नाही. आम्ही वाटी उघडली. पातळी खाली होती आणि सुई झिजलेली. फ्लोटची पितळी जीभ अगदी किंचित वाकविली की पातळी वर येते. फार वाकविली तर पेट्रोल उतू जाते, म्हणून हे काम तासाभराचे झाले. पण त्या झिजलेल्या सुईचे काय? पुण्याच्या दुकानांत मिळेना.

रविवारी मी वळसंगला आलो. आण्णांनी लोखंडी कपाटावरून तो डबा काढला. सुई तेवढी देतील असे मला वाटले होते. त्यांनी सबंध कारबोरेटर फडक्यात गुंडाळून दिला. म्हणाले, "हितं ठिवून काय पूजा करायची हाय?" आई मधेच म्हणाली की एवढी वर्षे पूजाच चालली होती. आण्णा काही बोलले नाहीत. डबा पुन्हा वर ठेवताना त्यांनी तो हलवून पाहिला, आत काय उरले ते वाजते का म्हणून.

मालकांनी त्या कारबोरेटरचे पैसे विचारले. आण्णांनी बाजारभाव सांगितला आणि घेतले. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा हकिगतींत शेवटी पैसे नाकारलेले वाचायला मिळतात. त्या पैशांत माझी दुसऱ्या वर्षाची पुस्तके आली.

अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, हेही त्या मालकांकडे पाहून कळले. पावसाळ्यात चार महिने ती ताडपत्रीखाली. उन्हात बसले की डोके तापते. भाग मिळत नाहीत, म्हणून ते भंगारवाल्यांच्या ओळखी राखतात. इंजिनातले तेलही वळणात वाटीतल्या पेट्रोलसारखेच एका बाजूला जाते, मग पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळू शकतात. म्हणून मैदानावर जाण्यापूर्वी ते दर वेळी तेलाची पट्टी पाहतात, वरच्या खुणेपर्यंत आहे ना ते. त्यांना मी विचारले, एवढा त्रास का? ते म्हणाले, "ही गाडी मला काय चुकले ते लगेच सांगते." मला तेव्हा ते पुस्तकी वाटले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याबाहेरच्या एका मोकळ्या डांबरी जागेवर काही हौशी मंडळींचा सराव होता. मी शंकू उभे करायला गेलो होतो. सुरुवातीला सगळे जण वाट पायी चालतात, ही पद्धत मला फार आवडली. कुठे ब्रेक, कुठे गिअर, कोणत्या शंकूकडे पाहायचे, हे चालतानाच ठरते. मालकांची फेरी अठ्ठेचाळीस सेकंदांची झाली, आणि लांब उजव्या वळणावर इंजिन एकदाही खोकले नाही. परत आल्यावर त्यांनी हेल्मेट काढून माझ्यापुढे धरले. लायसन मला होते, पण चालविलेली गाडी मामांची जुनी व्हॅन!

कमरेला पट्टे आवळले, डोक्यामागे लोखंडी कमान. पहिल्या वळणाला मी फार लवकर आत शिरलो आणि गाडी बाहेर गेली. सुकाणूतून पुढच्या टायरची थरथर हाताला कळत होती, जणू जमिनीवर तळहात टेकवून चाललो आहे. दुसऱ्या वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तेव्हा मागचा भाग फिरला. भार पुढे गेला, मागची चाके हलकी झाली. वर जे शहाणपणाने लिहिले आहे ते सगळे त्या अर्ध्या सेकंदात पाठीच्या कण्याला समजले. गाडी सावरली ती माझ्यामुळे नव्हे. शंकूंच्या रांगेत दोन पडले. वेळ एकसष्ट सेकंद, दंडाचे चार, एकूण पासष्ट. त्या दिवशीच्या यादीत सर्वांत शेवटचा.

रात्री आण्णांना फोन केला. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "दुसऱ्या वळणाला पाय उचललास न्हवं?"

मी हो म्हणालो. त्यांना कसे कळले ते विचारले, तर म्हणाले, पहिल्यांदा सगळेच उचलतात, त्यांनीही घाटात उचलला होता, मागे मालक बसले होते. मग त्यांनी कारबोरेटर गळतो का ते विचारले. गळत नव्हता.