करटोली खा, कंद मात्र जमिनीत राहू द्या

ताईंनो,

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. रेवसच्या जेट्टीवर ताजं म्हावरं कमी आणि घरात सुकट-जवळ्याचा डबा निघतो. नेमकी याच दिवसांत बाजारात करटोली येतात. कुणी कंटोली म्हणतं, कुणी कर्टुली. डोंगराकडच्या वाड्यांमधल्या बायका त्यांचे वाटे लावून बसतात. हे फळ कारल्याच्या जवळच्या नात्यातलं, पण कडूपणा अगदी नावाला.

भाजी तुम्हाला मी काय शिकवणार! तरी नव्या सुनांसाठी सांगते. कोवळी, हिरवीगार बघून घ्या. पिवळी पडली की आतून लाल होतात आणि बिया टणक. वरचे मऊ काटे काढायचे नाहीत, नुसते चोळून धुवायचे. पातळ चकत्या करून कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि धुतलेल्या जवळ्याबरोबर परतायच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफ आणायची, उतरवताना ओलं खोबरं. श्रावण पाळत असाल तर जवळ्याऐवजी भिजवलेली चणाडाळ.

जुनी माणसं आजारातून उठलेल्याला ही भाजी देतात. आयुर्वेदात तिचं नाव कर्कोटकी. "साखरेवर चालते" असंही ऐकू येतं. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसली आहे, पण म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायची नाही. भाजी ताटात, गोळी वेळेवर.

खरी काळजी आहे ती कंदाची. करटोल्याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. नर वेलाला फळ धरत नाही, म्हणून त्याला "वांझ करटोली" म्हणतात. (फळ न देणारा नर, आणि नाव मात्र बाईचं!) त्याचा कंद उगाळून साप-विंचवाच्या दंशावर लावायची जुनी रीत आहे. विषारी सापावर उपाय एकच, सरकारी रुग्णालयातलं प्रतिविषाचं इंजेक्शन. कंद उगाळण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो. दंशाचा हात किंवा पाय हलवू देऊ नका, कापू नका, आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा. विंचवाचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवून दाखवले.

आणि कंद खणला की वेल संपला. उन्हाळाभर तो जमिनीत झोपून असतो, पहिल्या पावसाला परत फुटतो. त्यावरच पुढच्या वर्षीची भाजी, आणि वाटे विकणाऱ्या बाईची कमाई.

गटाला कुंपणावर लागवड करायची असेल तर बियांच्या नादी लागू नका. त्या उशिरा रुजतात आणि निम्मे वेल नर निघतात. रानातला कंद न उपटता, आपल्याच बांधावरच्या मादी वेलाचे कंद उन्हाळ्यात सोडवून लावा. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. फूल संध्याकाळी उमलतं. फळ धरत नसेल तर त्या वेळी नर फूल मादी फुलाला हलकेच टेकवा.

मादी ओळखायची खूण सोपी: फुलाच्या मागे इवलंसं काटेरी फळ दिसतं. आत्ता फुलं आहेत तोवर त्या वेलाशेजारी काठी रोवून चिंधी बांधून ठेवा. पाला वाळला की जागा सापडत नाही.