मिश्रण मोजल्याशिवाय इंजिनाला हात नको
(लेखमाला : गाडीतले बदल, समजून-उमजून — भाग ६)

गाडीत बदल करायचे म्हटलं की क्रम सहसा ठरलेला असतो. आधी मोकळा सायलेन्सर, मग मोठा एअर फिल्टर, मग ईसीयूचं रिमॅपिंग, आणि पैसे उरलेच तर हवा-पेट्रोलचं मिश्रण दाखवणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पहिला खर्च सेन्सरचा असावा, आणि मालवण-कुडाळकडच्या गाड्यांच्या बाबतीत तर नक्कीच. इथलं पेट्रोल बदललं आहे, घाटाचा रस्ता इंजिनाची सलग परीक्षा घेतो आणि खारी हवा सायलेन्सर खाते. या तिन्हींचा परिणाम मिश्रणावर किंवा त्याच्या मोजणीवर होतो, आणि कानाला तो कळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : गाडीत कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर आहेच, मग दुसरा कशाला? जुन्या धाटणीचा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये बाजारात आणला आणि आजही अनेक गाड्यांत त्याच जातीचा सेन्सर असतो. झिर्कोनियाच्या पेशीच्या एका बाजूला एक्झॉस्टचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा; दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल पुरतं जळायला जेवढी हवा लागते नेमकी तेवढी असेल, त्याला लॅम्डा १ म्हणतात. त्या बिंदूपाशी हे व्होल्टेज एकदम ०.१ वरून ०.९ च्या आसपास उडी मारतं. म्हणजे पेट्रोल जास्त की कमी एवढंच कळतं, किती ते कळत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा ०.८० आहे की ०.९२, हे त्याला जवळपास सारखंच दिसतं. इंजिनासाठी मात्र ही दोन वेगळी जगं आहेत. वाइडबँडमध्ये त्याच पेशीला एक पंप जोडलेला असतो. मधल्या बारीक पोकळीत हा पंप ऑक्सिजन आत-बाहेर ढकलून पेशीचं व्होल्टेज ०.४५ वर धरून ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला आणि कुठल्या दिशेने, यावरून लॅम्डाचा आकडा मिळतो.

आता पेट्रोलकडे वळू. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं आणि २०२५ मध्ये पंपांवर सर्रास २० टक्क्यांचं पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पुरते. १० टक्क्यांच्या काळात ज्याचे जेट किंवा मॅप बसवले, ते इंजिन आज काहीही न बदलता तीन-चार टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतंय. कंपनीचा ईसीयू हलक्या चालीत हे सावरून घेतो. कार्बोरेटरची जुनी जिप्सी सावरू शकत नाही, आणि टर्बो बसवलेलं इंजिन पूर्ण जोरावर बहुतेक वेळा ठरवून दिलेल्या मॅपवरच चालतं. बहुतेक गेज लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतात, म्हणून आजच्या पेट्रोलवर ‘१४.७’ दिसलं तरी प्रत्यक्षातलं प्रमाण तेवढं नसतं. गेज लॅम्डावरच लावून ठेवावं. इंधन कुठलंही असो, १ चा अर्थ बदलत नाही.

इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, सिलिंडरमधली हवा थंड होते, मग थोडं लीन चाललं तर बिघडतं काय, असंही विचारलं जातं. नॉकिंग लांबतं, हे खरंच आहे. पण सवलत किती मिळाली आणि मिश्रण किती सरकलं हे न मोजता दोन्हींची बेरीज शून्य धरणं हा जुगार आहे, आणि डावावर पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात. जुने मेकॅनिक प्लगचा रंग पाहून मिश्रण सांगतात. त्या नजरेबद्दल मला आदर आहे. पण दाणोलीहून आंबोलीपर्यंत जोर लावून चढलेली गाडी उतरून गॅरेजला येईस्तोवर प्लगवर उताराचा आणि आयडलचाही रंग चढलेला असतो. रिमॅप करताना डायनोवर मिश्रण मोजलेलं असतं हेही बरोबर, पण ते त्या दिवसाचं, त्या पेट्रोलचं आणि काही सेकंदांच्या ओढीचं. दमलेला पेट्रोल पंप किंवा चोंदलेला फिल्टर सलग चढावरच उघडा पडतो. शिवाय आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप तीनेक टक्के रिच होतं. म्हणजे मालवणात लीन असलेली जिप्सी घाटमाथ्यावर अगदी ठाकठीक वाटू शकते.

सगळ्यात वजनदार आक्षेप म्हणजे सेन्सर खोटं बोलतो. बोलतो, हे मान्य, पण त्याचं कारण बहुधा पाइपात सापडतं. किनाऱ्यावर साध्या लोखंडाचा एक्झॉस्ट जोडाजवळ आतून-बाहेरून गंजतो. धूर धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो. तेवढ्यात सेन्सरच्या आधीचं टाचणीएवढं भोकही बाहेरची हवा ओढून घेतं. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘लीन’ सांगतो. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवलं की इंजिन काळा धूर ओकू लागतं. आयडलला लीन आणि जोरावर ठीक असा आकडा दिसला तर आधी गळतीचा संशय घ्यावा, कारण जोरावर गळतीचा वाटा घटतो. इंजिन थंड असताना सायलेन्सरचं तोंड ओल्या फडक्याने बंद करून ब्लोअरची हवा सोडावी आणि जोडांवर साबणाचं पाणी मारावं. बुडबुडे जागा दाखवतात. मिसिंग असेल तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे आकडा असाच लीनकडे झुकतो.

बसवताना १८ मिलिमीटर, १.५ पिचचा स्टेनलेसचा नट घ्यावा. जागा टर्बोच्या पुढे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, पाइपाच्या वरच्या अंगाला. सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर उचललेला हवा. पावसाळ्यात मालवण बाजारापुरती फिरणारी गाडी पाइपात पाणी साठवते, आणि सुमारे ७८० अंशांना तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की त्याला तडा जातो. याच कारणाने सेन्सर तापवणाऱ्या हीटरची वायर अशा रिलेवर घ्यावी, की इंजिन सुरू झाल्यावरच वीज मिळेल. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर काढून ठेवावा, आणि वायर सोडवलेला सेन्सर पाइपात तसाच ठेवू नये; हीटर बंद असताना त्यावर काजळी बसते.

सेन्सर बसवल्याने इंजिनातले बदल कायदेशीर होत नाहीत. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागतेच. पण बीएस-४ पासूनच्या पेट्रोल कारची पीयूसी तपासणी साधारण २५०० आरपीएमवरही होते आणि तिथे लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. एमएच-०७ च्या गाडीत वाइडबँड असेल तर हा आकडा केंद्रावर जाण्याआधीच पाहता येतो, मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आणि शाबूत हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा त्याच्या भरवशावर ठरलेली आहे. पुढच्या भागात घाट चढताना आरपीएम, ॲक्सिलरेटर आणि लॅम्डा यांची नोंद कशी ठेवायची ते पाहू.