लेखानुदान आणि शेतकऱ्याचें घर

सरकारचें हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतें. पुढें विधिमंडळाच्या मंजुरीवांचून तिजोरींतून खर्च करतां येत नाहीं. पूर्ण अंदाजपत्रक वेळेवर मंजूर होण्यासारखें नसेल, तर कांहीं महिन्यांपुरती रक्कम मंजूर करून घेतात. हेंच लेखानुदान. राज्यघटनेच्या २०६ व्या अनुच्छेदांत त्याची सोय आहे.

सन २०२४ त लोकसभेची निवडणूक असल्यामुळें तेव्हांचे अर्थमंत्री अजित पवार यांनीं २७ फेब्रुवारीस चार महिन्यांपुरतें अंतरिम अंदाजपत्रक मांडलें. पूर्ण अंदाजपत्रक २८ जूनला आलें. मधल्या काळांत पगार, पेन्शन व चालू योजना थांबत नाहींत. अमेरिकेंत तात्पुरती मंजुरी न मिळाल्यानें २०२५ त १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस अनेक कचेऱ्या बंद पडल्या, तशी पाळी इकडे येत नाहीं. थांबतें तें नवें काम.

आणि येथेंच आपलें नुकसान आहे. जूनअखेर शीळफाट्याकडे भाताचीं रोपें लावणीस येतात, शिवारांत पाणी असतें. बांध, पाट, साकव यांस तेव्हां पैसा मिळाला तरी काम दिवाळीनंतरच. चार महिन्यांचा विलंब कागदावर. शेतांत एक हंगाम जातो.

आम्हीं कारकुनी करीत असतां एका खातेदारानें घोषणा वाचूनच कर्ज काढलें. अनुदान आलें, पण व्याजानंतर. म्हणून तालुका कचेरींत दोन गोष्टी विचाराव्या: शासननिर्णय निघाला काय, आणि रक्कम वितरित झाली काय? बहुतेक लोक पहिलीच विचारून परततात.